मोकळं बटण

१

सोफावाली एकदा जमिनीवर बसली की तिला उठवायला दोन माणसं लागत, आणि दोघंही हसून हसून निम्मी दमलेली असत, कारण उठता उठता ती त्यांना हसवत असे. "सावकाश ओढा, शिवण उसवेल," म्हणायची. खाली दुकान, वर घर. दुकानात ती लोकांचे सोफे, खुर्च्या, दिवाण उसवून नव्याने भरायची. हात असा, की तिने भरलेल्या खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक उठायचं नावच घेत नसे. पण हे काम गुडघ्यांवर बसून करायचं असतं, आणि तिच्या गुडघ्यांनी आता हात टेकले होते. दोन जिने चढली की धाप, रक्तात साखर, झोपेत घोरणं इतकं की नवरा म्हणे, रात्रभर कुणीतरी लाकूड कापतंय.

संध्याकाळी सगळे वरच्या टेबलाशी एकत्र जेवत. नवरा शाळेची बस चालवायचा, त्यामुळे घरातही शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलायचा. लेक दुकानात कापड बेतायची. जावई पोहायला शिकवायचा आणि पाणी सोडून जगातल्या सगळ्या गोष्टींना घाबरायचा. टेबलाच्या डोक्याशी सोफावालीची आई. तिची खुर्ची उंच पाठीची, बटणांनी ठिकठिकाणी खोल ओढलेली, आईनेच तरुणपणी केलेली. आई चिमणीसारखं जेवायची, तेही उजव्या हाताने एकेक घास उचलून. डावा हात कायम बैठकीच्या खाली. आधाराला धरते, म्हणायची.

गप्पा रंगायच्या, एकमेकांच्या खोड्या निघायच्या आणि मग केव्हातरी नवरा, लेक आणि जावई चमचे खाली ठेवायचे. सोफावाली खातच असायची. लहानपणी याच टेबलाशी वडील आणि भाऊ चमचे ठेवत, तेव्हाही ती एकटीच खात राहायची. घरात तिचं नावच पडलं होतं 'गोदाम'. "गोदाम अजून उघडं आहे," असं नवराही म्हणायचा, आणि सगळ्यांत आधी तीच हसायची. हसण्यावारी नेलं की कुठलीही गोष्ट हलकी होते, असा तिचा अनुभव होता. वजन तेवढं त्याला अपवाद होतं.

२

सर्जनबाई बारीक, चपळ आणि बोलायला मोकळ्या होत्या. त्यांनी कागदावर जठराची पिशवी रेखाटली आणि म्हणाल्या, "दोन वाटा आहेत."

पहिली वाट पट्ट्याची. पिशवीच्या वरच्या टोकाभोवती मऊ पट्टा बसवायचा. त्यातून एक बारीक नळी निघते आणि पोटाच्या कातडीखाली एका गोल चकतीला येऊन मिळते. चकतीत सुईने पाणी भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. काही कापायचं नाही, नको झालं तर काढून टाकता येतो. दुसऱ्या वाटेत पिशवीचा मोठा भाग कापूनच काढायचा आणि उरलेली नळीसारखी बारीक करून पिनांनी शिवायची. ती मागे घेता येत नाही.

सर्जनबाईंनी टेबलावर नमुना ठेवला. सोफावालीने पट्टा बोटांवर ताणून पाहिला, चकती अंगठ्याने दाबली.

"म्हणजे आत दोरी आणि बाहेरच्या अंगाला बटण," ती म्हणाली.

"तुमच्या भाषेत तसंच."

"आमच्या धंद्यात बटण फिरतं. दोरी झिजते. कधी कधी कापडालाच चिरत आत जाते."

सर्जनबाईंनी मान डोलावली. त्यांनी काही लपवलं नाही. पट्टा सरकू शकतो, पिशवीच्या भिंतीत रुतू शकतो, चकती उलटी होऊ शकते, नळी गळू शकते. बऱ्याच जणांना पुढे तो काढावाही लागतो. "म्हणून विचार करा म्हणते. घाई नाही."

"आणि ही दोरी ओढणार कोण?"

"मी. लग्नकार्य असलं तर आधी सांगा, थोडी सैल करून देऊ." दोघी हसल्या. मग सर्जनबाईंनी सहज विचारलं, "जेवताना पुरे झालं, हे तुम्हाला कसं कळतं?"

"पातेल्याचा तळ दिसला की."

"नाही, खरंच विचारतेय. आतून काही जाणवतं?"

सोफावालीने प्रामाणिकपणे विचार केला. तिला आतून कधीच काही जाणवलं नव्हतं. "मग घरच्यांना विचारून बघा, त्यांना कसं कळतं," सर्जनबाई म्हणाल्या आणि नमुना तिच्या हातात देऊन म्हणाल्या, "हा न्या. चार दिवस डोळ्यांसमोर असू द्या."

३

टेबलावर नमुना ठेवला तर जावयाने आपली थाळी लांब ओढली. नवऱ्याचं मत पट्ट्याच्या बाजूने पडलं. "काढता येतो ना? मग झालं. कापलेलं परत चिकटवणार आहे का कुणी?" लेकीचं मत कापण्याच्या बाजूने. "आई, आत काही राहिलं की जन्मभर त्याचीच काळजी. एकदाच काय ते करून मोकळी हो." जावई म्हणाला, "सासूबाई, दोन्ही नको. माझ्याबरोबर पोहायला चला."

"मी उतरले तर पाणी बाहेर येईल रे, तू कशात शिकवशील?" सोफावाली म्हणाली आणि टेबल हसलं.

आई तेवढी हसली नाही. "तुझ्यात काही घालायचं नाही," एवढंच म्हणाली.

सोफावालीला सर्जनबाईंचा प्रश्न आठवला. "मला एक सांगा, पोट भरलं हे तुम्हाला कळतं कसं?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. श्वास कसा घेता, असं कुणी विचारल्यावर माणूस बघेल तसं.

"ओढ लागते की," नवरा म्हणाला.

"कुठे?"

त्याने बरगड्यांच्या खाली, जरा डावीकडे बोट ठेवलं. लेकीनेही ठेवलं. जावई तर या घरचा नव्हे, त्यानेही त्याच जागी ठेवलं.

"कसली ओढ?"

"आतल्या बाजूला. मागून कुणी धरल्यासारखी," लेक म्हणाली. "तुला नाही लागत?"

"रस्सा गार होतोय," आई म्हणाली.

पुन्हा गप्पा सुरू झाल्या. नवऱ्याने एका विद्यार्थ्याची गंमत सांगायला घेतली, जो रोज बसमध्ये एक बूट विसरतो, आणि भर गंमतीत, वाक्य अर्धं असताना, त्याने चमचा ठेवला. लेकीने ठेवला. जावयाने ठेवला. तीन चमच्यांचा मिळून एकच आवाज झाला.

सोफावालीचा चमचा तोंडाशी थांबला. इतकी वर्षं हे असंच होत होतं का? असेल. एका घरात राहिलं की सवयी जुळतात, दोन घड्याळंसुद्धा एका भिंतीवर जुळून चालतात म्हणे. तिने स्वतःची समजूत घातली आणि उरलेला भात वाढून घेतला.

४

दुकानात त्या आठवड्यात एका दवाखान्याच्या बैठकीचा लांबलचक सोफा आला होता. त्याला बटणं ओढायची होती. या कामाला दोन माणसं लागतात. एकजण पुढून बटण गादीत दाबून धरतो, दुसरा पाठीमागे बसून दाभणाने आलेली दोरी ओढतो आणि गाठ मारतो. पुढून बघणाऱ्याला फक्त खळी दिसते. सोफावालीला हे काम फार आवडायचं. लेक पुढून दाबायची, ती मागून ओढायची, आणि दोघी मायलेकी गाणी म्हणायच्या, सूर गेला उडत.

आई कोपऱ्यात बसून बटणांना कापड चढवत होती. त्यांच्या दुकानाची एक जुनी रीत होती. प्रत्येक कामात एक बटण जादा करायचं आणि ते लावायचं नाही. त्याच कापडाचं, त्याच मापाचं, पण मोकळं. उद्या एखादं तुटलं तर हाताशी असावं म्हणून. भिंतीवर अशा मोकळ्या बटणांच्या माळाच्या माळा टांगल्या होत्या. आजवर त्यांतलं एकही लागलं नव्हतं, कारण त्यांच्या गाठी तुटत नसत.

"आई, पट्ट्याला तुझा एवढा विरोध का?"

आईने चढवलेलं बटण तळहातावर उलटंपालटं करून पाहिलं. "जोडात एक मोकळं ठेवावं," ती म्हणाली. "तुला मी मुद्दाम मोकळी ठेवली."

"म्हणजे गं काय?"

पण आईने सुई ओवायला घेतली होती, आणि सुई ओवताना तिला बोललेलं चालत नसे. ओवून झाल्यावर पायऱ्या चढून ती वर निघून गेली.

दुपारी बसच्या दोन फेऱ्यांमध्ये नवरा आला आणि नव्या भरलेल्या दिवाणावर आडवा झाला. सदरा वर सरकला होता. खिडकीतून ऊन सरळ त्याच्या पोटावर पडलं होतं. बरगड्यांच्या खाली, जरा डावीकडे, एक खळी होती. बेंबी नव्हे, बेंबी होती तिथे होती. संसाराला इतकी वर्षं झाली आणि ही खळी आपण पाहिली नाही? सोफावालीने बोटाने चाचपलं. खळीच्या तळाशी कातडीखाली काहीतरी गोल, चपटं आणि टणक लागलं.

चरबीची गाठ असेल, असं तिच्या मनात आलं. तिच्या मावशीला दंडावर होती, ती बोटाखाली हालायची. ही मात्र हालली नाही. वरच्या मजल्यावर आईची खुर्ची कुरकुरली, आणि तिच्या बोटाखालची ती गोल वस्तू अलगद आत गेली, खळी खोल झाली. आजूबाजूच्या कातडीला चुण्या पडल्या, बटणाभोवती कापडाला पडतात तशा.

तिने हात काढून घेतला. नवरा झोपेतच समाधानाने पुटपुटला, "पुरे."

५

त्यानंतर तिच्या मनाने एक भलताच झोका घेतला. भीती वाटली, हे खरं. पण भीतीच्या खालून हेवा वर आला. म्हणजे आपणच तेवढ्या खादाड नव्हतो तर. सगळ्यांना काहीतरी लावलेलं होतं आणि आपल्याला नव्हतं. जन्मभर 'गोदाम' म्हणवून घेतलं ते यासाठी? मग आता बसवूनच घ्यावं. आपणही एकदा चारचौघांबरोबर, त्याच ठेक्यात चमचा खाली ठेवावा. पट्टाच करून घ्यायचा, असं तिने ठरवूनच टाकलं होतं.

तेवढ्यात आई मोरीत घसरली. मोडलं काही नाही, पण डाव्या मनगटाला सूज आली आणि हात झोळीत बांधावा लागला.

त्या संध्याकाळी जेवण कधी नव्हे इतकं रंगलं. नवऱ्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. "आज हाताला काय चव आहे," म्हणाला. लेकीने रश्श्याचं पातेलंच पुढे ओढलं. जावई पावामागून पाव खात होता. सोफावालीला आधी इतका आनंद झाला की विचारू नका. तिच्या जोडीने कुणी खातंय, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तिने खुशीत फडताळातलं उद्याचंही काढून वाढलं.

तेही संपलं. मग जावयाने लोण्याची बरणी बोटाने निपटून काढली. लेक कच्चे बटाटे सालीसकट खाऊ लागली. तिघं हसत होती, विनोद चालूच होते, पण डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि चमचे थांबत नव्हते. नवऱ्याचा चमचा रिकाम्या थाळीवरून तोंडाकडे जात होता आणि तोंड तो घेत होतं.

"माझी खुर्ची जरा वळव," आई हळूच म्हणाली.

सोफावालीने वळवली. आईने मोठ्या कष्टाने उजवा हात बैठकीखाली घातला, दात आवळले आणि खांदा मागे घेतला. तिन्ही चमचे खाली पडले. एकच आवाज झाला. नवऱ्याने पोटावरून हात फिरवला. "वा, मजा आली आज," म्हणाला. लेक आणि जावई भांडी घासायला उठले, जणू काही झालंच नव्हतं.

आईच्या कपाळावर घाम आला होता. "आता हातात जोर राहिला नाही गं," ती म्हणाली. "तू बटण लावून घेतलंस, तर सगळे पुढच्याच बाजूला. पाठीमागे कोण बसणार?"

योगायोग, असं सोफावाली स्वतःला बजावत राहिली. म्हातारं माणूस पडलं की काहीबाही बोलतं. खुर्चीखाली वाकून बघायला तिला फक्त गुडघे टेकायचे होते. आणि तेच तर तिला जमत नव्हतं.

६

"दुसरी वाट," तिने सर्जनबाईंना सांगितलं. "कापायची. पिना चालतील. आम्हीही पिना मारतो."

"पट्टा का नको, ते मला कळायला हवं. भीती वाटली?"

"पिन एकदा बसली की तिचं काम संपलं. दोरी लावली की दुसऱ्या टोकाला कुणीतरी असतं. मला आत काही नको, बाई. मला मोकळं राहायचंय."

सर्जनबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग पुढची सगळी माहिती दिली. परत फिरता येणार नाही, जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतील, घोट घोट पाणी, चमचा चमचा जेवण. सोफावालीने सगळं ऐकलं आणि होकार दिला. सर्जनबाई नमुना खणात ठेवायला वाकल्या तेव्हा त्यांचा डावा हात क्षणभर बरगड्यांच्या खाली गेला. त्या म्हणाल्या, "चला, माझी जेवायची वेळ झाली, पण आज भूकच नाही." सोफावालीने तिकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं.

शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. पहिले दिवस जड गेले, मग वजन असं उतरू लागलं की लेकीने तिचे कपडे आत घेता घेता कात्रीच खाली ठेवली. "आता स्थिर झालीस की सांग." साखर ताळ्यावर आली. घोरणं थांबलं, तर नवऱ्याला झोप येईना. आणि एका सकाळी ती दुकानात गुडघ्यांवर बसली, सोफ्याच्या बुडाची पट्टी ठोकली आणि कुणाचाही हात न धरता उठून उभी राहिली. नवरा दारात बसच्या किल्ल्या घेऊन उभा होता. त्याने किल्ल्या टाकल्या, तिला धरलं आणि दुकानभर नाचवलं. भिंतीवरच्या बटणांच्या माळा हालू लागल्या. शाळेला त्या दिवशी उशीर झाला.

७

सगळ्यांबरोबर एकाच टेबलाशी बसून पुन्हा जेवायची परवानगी मिळाली, त्या संध्याकाळी लेकीने टेबलावर धुतलेलं कापड अंथरलं. सोफावाली आपल्या जागेकडे निघाली तर तिथे आई बसलेली.

"तू तिथे बस," आईने टेबलाच्या डोक्याकडे बोट दाखवलं. "आता मावतेस तू त्या खुर्चीत."

हे मात्र खरं होतं. एरवी ती त्या खुर्चीच्या दोन हातांमध्ये शिरलीच नसती. ती बसली. खुर्ची तिच्या मापाची असल्यासारखी अंगाला लागली.

जेवण सुरू झालं. बूट विसरणाऱ्या विद्यार्थ्याने आता दुसराही बूट विसरला होता. सोफावालीने एक घास घेतला, चावला, दुसरा घेतला. पाचव्या की सहाव्या घासाला आत कुठेतरी एक साधी, शांत जाणीव झाली. कुणी ओढलं नाही, कुणी धरलं नाही. तिची तिलाच कळली.

"पुरे," ती म्हणाली.

टेबलाशी टाळ्या पडल्या. नवऱ्याचे डोळे भरून आले. "गोदाम बंद," तो म्हणाला. ती हसली, रडली, परत हसली. इतकं साधं असतं हे, आणि आपल्याला या वयात मिळालं. आईने तिच्या हातावर थोपटलं आणि आपली थाळी दोन्ही हातांनी जवळ ओढली. आईला दोन्ही हात टेबलावर ठेवून जेवताना तिने कधी पाहिलं नव्हतं. "आज निवांत जेवते," आई म्हणाली आणि अशी जेवायला लागली, की बघणाऱ्याचं पोट भरावं.

बाकीचेही जेवत होते. गप्पा चालू होत्या. नवऱ्याने पुन्हा वाढून घेतलं. लेकीने पातेलं ओढलं. जावयाचा हात पावाच्या टोपलीत गेला, टोपली रिकामी झाली, तरी हात आत फिरत राहिला. सगळे हसत होते. मग नवऱ्याने तोंड भरलेलं असताना तिच्याकडे पाहिलं. तोंड हसत होतं, डोळे नव्हते.

"अगं, ओढ की," तो म्हणाला. मीठ मागावं इतक्या सहज.

"काय ओढू?"

त्याच्या तोंडात पुढचा चमचा गेला होता.

सोफावालीने आईकडे पाहिलं. आई थाळीत मान घालून सुखाने जेवत होती. तेव्हा तिचा डावा हात खाली गेला. तिने मुद्दाम नेला नाही. आयुष्यभर पाठीमागे बसून बटणं ओढणाऱ्या हाताला कुठे जायचं ते ठाऊक होतं. बैठकीखाली, लाकडाच्या कडेला, दोऱ्या होत्या. ताणलेल्या आणि ऊबदार. तीन जाड होत्या. त्यांच्यामागे बारीक बारीक अशा कितीतरी, भिंतीकडे, बाहेर रस्त्याकडे गेलेल्या. एक अगदी नवी, नाजूक, लेकीच्या बाजूला. लेकीने अजून कुणाला काही सांगितलं नव्हतं. त्या नव्या दोरीला तिने बोट लावलं नाही. ती मोकळीच राहू दे.

बाकीच्या तिने मुठीत घेतल्या आणि ओढल्या.

तीन चमचे खाली आले. एकच आवाज. खालच्या रस्त्यावरच्या खानावळीतून आणि समोरच्या घरांमधूनही तसाच एकेक आवाज आला, आणि मग सगळीकडे माणसांचे समाधानाचे सुस्कारे.

"तृप्त झालो," नवरा म्हणाला आणि खुर्चीत रेलला. लेक पोटावर हात ठेवून हसत होती. जावई कुणालाच न घाबरता बसला होता. सोफावालीने त्यांच्याकडे एकेक करून पाहिलं. किती सुंदर दिसत होती तिची माणसं. मूठ घट्ट धरलेली होती आणि हात अजून मुळीच दुखत नव्हता.

"झालं का सगळ्यांचं?" आई थाळी पुसून घेत म्हणाली. "सफरचंदाचं गोड केलंय मी. कोण कोण घेणार?"

तिघांनी आशेने सोफावालीकडे पाहिलं. तिने मूठ थोडी सैल केली.